दोन्ही ट्रॅक ८ए, ठोका चोख, तरीही बेसूर : टेक्नोमधील लय आणि पट्टी

खाडीकाठ (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी. मी गेली तीन वर्षे डीजे म्हणून टेक्नो वाजवतो. एका प्रसंगाने मला बरेच दिवस छळले आहे, म्हणून हा धागा काढतो.

गेल्या डिसेंबरात तारकर्लीजवळच्या एका शॅकवर संध्याकाळी पाच ते दहा असा माझा सेट होता. सुरू असलेला ट्रॅक १३२ बीपीएमचा (मिनिटाला १३२ ठोक्यांचा) होता आणि पुढचा मूळचा १२७ चा. सॉफ्टवेअरने दोन्हींच्या पुढे ८ए लिहिले होते, म्हणजे कॅमलॉट चाकावर, म्हणजे पट्ट्यांना आकडे देणाऱ्या बारा घरांच्या घड्याळावर, दोन्ही एकाच घरातले. मी दुसऱ्याचा पिच फेडर (गतीची सरकपट्टी) वर सरकवून त्याला १३२ वर आणले, हेडफोनमध्ये ठोक्यावर ठोका बसवला, बत्तीस ठोक्यांची ओळ संपताच तो आत घेतला आणि हळूहळू त्याचा बास उघडला. ठोका तसूभर हलला नव्हता. तरीही सगळे असे काही घरघरू लागले की शॅकचे मालक मागच्या बाजूने धावत आले आणि म्हणाले, "माका वाटला जनरेटर बिघडलो."

माझे प्रश्न दोन. पट्टी एकच असताना हे बेसूर का झाले? आणि दुसरा, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: टेक्नो मुख्यतः ठोक्याचे आणि पोताचे संगीत असताना हार्मोनिक मिक्सिंगची, म्हणजे पट्ट्या जुळवून ट्रॅक जोडण्याची, उठाठेव करावी का, की लय जुळवली म्हणजे काम भागते?

मीठभाकर

शीर्षकात टेक्नो हा शब्द नसता तर धागा उघडलाच नसता. आमच्या गावात डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली भिंत, आणि तिच्याबाबत पट्टीचा प्रश्न उद्भवत नाही, फक्त काचांचा उद्भवतो.

शून्य_डेसिबल (रत्नागिरी)

खाडीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. आपण फेडर सरकवला, पण की लॉक, म्हणजे गती बदलली तरी पट्टी जागेवर ठेवणारी सोय, चालू होते का, हे लिहिलेले नाही. ते बंद असावे असा माझा अंदाज आहे.

की लॉक बंद असताना फेडर म्हणजे तबकडीची गती. गती वाढली की ठोके जवळ येतात आणि त्याच प्रमाणात प्रत्येक स्वरही चढतो. १२७ चे १३२ करताना आपण ट्रॅक ३.९४ टक्के वेगाने फिरवला. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत ५.९५ टक्क्यांचे अंतर असते, म्हणजे तुमचा दुसरा ट्रॅक जवळपास दोन-तृतीयांश पट्टी वर गेला. सेंटच्या हिशेबात (एका पट्टीचे शंभर सेंट) ६७ सेंट. सॉफ्टवेअरने लिहिलेले ८ए हे मूळ गतीवरचे आहे, फेडर हलवल्यावरचे नव्हे. पडद्यावर दोन्हीकडे ८ए दिसत राहिले असेल, पण हवेत एक ए मायनर (म्हणजेच ८ए) होता आणि दुसरा ए आणि ए शार्प यांच्या मधल्या फटीत अडकला होता.

आता जनरेटर. ए चा खालचा बास ५५ हर्ट्झला येतो. तोच ३.९४ टक्के चढला की ५७.२ हर्ट्झ होतो. हे दोन सूर एकत्र वाजले की त्यांची जोर-ओसर त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन वेळा होते. दबक्या आवाजाचे, सेकंदाला दोन हेलकावे खाणारे यंत्र म्हणजे अर्धवट बंद पडत चाललेला जनरेटरच. मालकांचा कान उत्तम आहे, त्यांना मिक्सरवर बसवा.

खाडीकाठ

की लॉक बंदच होते. कोणीतरी सांगितले होते की ते लावल्याने किक (खालचा जाड ठोका) मऊ पडते, म्हणून मी कायम बंद ठेवतो. ६७ सेंट हा आकडा पाहून थोडी लाज वाटली आणि बराच दिलासा मिळाला.

रातांबा

यावर साधा उपाय आहे. सगळा ताण एकाच ट्रॅकवर कशाला टाकायचा? पहिला १३२ वरून थोडा खाली आणावा, दुसरा १२७ वरून थोडा वर न्यावा आणि दोघांना १२९.५ वर भेटवावे. प्रत्येकी दोन टक्क्यांच्या आतच फरक पडेल आणि बेसूरपणा निम्मा होईल.

शून्य_डेसिबल (रत्नागिरी)

रातांबा, सूचना मनाला पटणारी आहे. मीही वर्षभर असेच समजत होतो. पण ती चालत नाही. पहिला खाली आणला की त्याची पट्टीही खाली येते. दुसरा १२९.५ पर्यंत ३४ सेंट चढला आणि पहिला तिथवर ३३ सेंट उतरला, म्हणजे दोघांमधले अंतर पुन्हा ६७ च. दोन ट्रॅक एकाच लयीत आणल्यावर त्यांच्या पट्ट्यांतला फरक फक्त मूळ बीपीएमच्या गुणोत्तरावर ठरतो. भेटीची जागा कुठेही निवडली तरी तो बदलत नाही.

म्हणून की लॉक न वापरणाऱ्याने निवडीतच काळजी घ्यावी. मूळ लयींत एक टक्क्याचा फरक असेल तर १७ सेंट पडतात, ते टेक्नोच्या पोतात बहुधा खपून जातात. तीन टक्क्यांना अर्धी पट्टी, ती सर्वांत वाईट, कारण चाकावरचा कोणताच आकडा तिला लागू पडत नाही. सहा टक्क्यांना मात्र जवळपास बरोबर एक पट्टी चढते, तिथे आकडा पुन्हा कामाला येतो: चाकावर सात घरे पुढे मोजा, ८ए चे ३ए होते.

रातांबा

कागदावर मांडून पाहिले. आपण म्हणता तसेच आहे. माझे गेल्या वर्षभरातले सेट आता वेगळ्या कानाने ऐकावे लागतील.

पेटीवाले_काका (कुडाळ)

मी भजनात पेटी वाजवणारा माणूस आहे. मुलगा हा धागा वाचत होता, म्हणून मीही वाचला. तुमचे आठ-ए, तीन-ए हे काही कळेना, ते पट्टीत सांगाल का? आमच्याकडे बुवा बसल्याबरोबर विचारतात, काळी चार की पांढरी पाच, आणि तेवढ्यावर सगळी मंडळी लागतात. पखवाजवाला उजवी पुडी त्या पट्टीला लावून घेतो आणि डावीला कणीक चढवतो. पावसाळ्यात चामडे इतके सैल पडते की पहिल्या गजरातच पट्टी उतरते, मग दोन अभंगांच्या मध्ये पुन्हा ठोकाठोक.

तुमची अडचण मला ओळखीची वाटते. डबलबारीत एका बुवांची पट्टी वेगळी आणि दुसऱ्यांची वेगळी असते, तरी कोणाला खटकत नाही, कारण एकाची बारी संपली की मध्ये बोलणे होते, टाळ्या होतात, चहा येतो आणि कान मागची पट्टी विसरतो. तुम्ही मात्र एक बारी संपायच्या आत दुसरी सुरू करता आणि दोन्ही बुवांना एकाच वेळी गायला लावता. मग पट्टी जुळवावीच लागणार.

शून्य_डेसिबल (रत्नागिरी)

काका, आपण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा नेमके दिले आहे.

पट्टीत सांगतो. ८ए म्हणजे पांढरी सहा षड्ज धरून मायनर, साधारण आपला आसावरी थाट. त्याच स्वरांत षड्ज बदलून पांढरी एक धरली तर बिलावल होतो, त्याला ८बी म्हणतात. ए म्हणजे मायनर आणि बी म्हणजे मेजर, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. चाकावर एक घर पुढे गेले की षड्ज पंचमावर जातो, म्हणून ९ए हा पांढरी तीनचा मायनर. एक घर मागे गेले की मध्यमावर, म्हणून ७ए हा पांढरी दोनचा. शेजारच्या दोन घरांत सातांपैकी सहा स्वर समान असतात, म्हणून ती एकमेकांत सहज मिसळतात. बारा घरे चालून आलात की पुन्हा मूळ षड्ज. मिक्स्ड इन की या सॉफ्टवेअरमुळे हे आकडे सर्वत्र पसरले, आत मात्र आपला षड्ज-पंचम भावच आहे. ट्रॅक्टर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे वेगळे आहेत, तिथे पांढरी सहाच्या मायनरला १एम म्हणतात, तेव्हा दोन सॉफ्टवेअरमधल्या याद्या एकत्र करणाऱ्यांनी जपून.

पेटीवाले_काका (कुडाळ)

आता लख्ख झाले. एवढ्यासाठी घड्याळ कशाला काढले, हे मात्र विचारणार नाही.

खडक

मी या सगळ्याशी अर्धाच सहमत आहे. टेक्नोतल्या कित्येक ट्रॅकना पट्टीच नसते. हॅट (झांजेचा आवाज), क्लॅप (टाळीचा आवाज), गाळलेला आवाज, एखादा धातूचा खणखणाट आणि खाली किक, यात सॉफ्टवेअर शोधते तरी काय? त्याला काहीतरी आकडा द्यायचाच असतो, म्हणून ते देते. आपण तो आकडा पाहून उत्तम जुळणारा ट्रॅक बाजूला ठेवतो आणि घराच्या शेजारचा म्हणून एक मिळमिळीत ट्रॅक लावतो. आकड्यांच्या मागे लागून ऊर्जेचा चढ-उतार हरवलेले सेट मी बरेच ऐकले आहेत, आणि त्यांतला एकही बेसूर नव्हता.

आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण देतो. गोव्यातल्या सुरुवातीच्या पार्ट्यांत तबकड्या उन्हाने वाकत, म्हणून तिथले लोक आधी कॅसेटवर आणि पुढे डॅट या डिजिटल टेपवर वाजवू लागले. सोनीने डॅट १९८७ मध्ये आणला. त्या यंत्रांवर लय जुळवण्याची सोय जवळपास नव्हतीच. तिथले डीजे गोवा गिल अखेरपर्यंत डॅटशी एकनिष्ठ राहिले. ट्रॅकच्या आरंभी आणि शेवटी ठोका नसलेला भाग असे, तो एकमेकांत विरघळवायचा आणि पुढच्या ट्रॅकने नवा ठोका घेऊन यायचे. लय जुळलेली नाही, पट्टीचा आकडा नाही, तरीही लोक सूर्योदयापर्यंत नाचत.

शून्य_डेसिबल (रत्नागिरी)

खडक, डॅटचे उदाहरण छान आहे, पण ते तुमच्या विरुद्ध जाते. ठोका नसलेल्या भागात विरघळवायचे, याचाच अर्थ दोन सुरेल थर एकमेकांवर यायचे. तिथे पट्टी कानाने पाहिली जात नसेल, असे मला वाटत नाही. आकडा नव्हता एवढेच.

देवगडची_वाट

दोघांचेही म्हणणे खरे आहे, फक्त ते वेगवेगळ्या ट्रॅकबद्दल बोलत आहेत. मी घरी टेक्नो बनवते, म्हणून बनवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते.

किकलाही सूर असतो. तिची शेपटी लांब ठेवली तर ती ४५ ते ६० हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी स्थिरावते. मी स्वतः बहुतेक वेळा जी वर, म्हणजे ४९ हर्ट्झवर लावते, कारण त्याखाली लहान स्पीकर काही दाखवत नाहीत. दोन ट्रॅकच्या लांब शेपटीच्या किका एकत्र आल्या तर पट्टी एक असूनही घात होऊ शकतो, कारण दोन्ही लाटा उलट्या पडल्या की खालचा आवाज चक्क नाहीसा होतो. म्हणून बास बदलताना एकाचा लो (बासचे बटण) पूर्ण खाली आणि दुसऱ्याचा त्याच ठोक्यावर वर, ही सवय हार्मोनिक मिक्सिंगच्या आधी लावून घ्यावी. खाडीकाठ यांनी "हळूहळू बास उघडला" असे लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या जनरेटरचे अर्धे श्रेय त्या हळूहळूला आहे.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या चुकीची. टेक्नोत कोमल रिषभ फार लाडका आहे, म्हणजे काकांच्या भाषेत भैरवी थाट. पांढरी सहा षड्ज धरून भैरवीचे स्वर लावले तर ते पांढरी दोनच्या मायनरचेच सात स्वर होतात. सॉफ्टवेअरला फक्त मेजर आणि मायनर माहीत, म्हणून ते बिनदिक्कत ७ए लिहून मोकळे होते. बास मात्र पांढरी सहावर ठाण मांडून असतो. आता चाक सांगते की शेजारचा ६ए लावा. तो लावला की त्याचा षड्ज पांढरी पाच आणि तुमचा पांढरी सहा, शिवाय एकाचा पंचम शुद्ध आणि दुसऱ्यात त्याच जागी कोमल स्वर, अशी टक्कर होते. याउलट चाकाने दूरचा मानलेला एखादा पांढरी सहाचाच ट्रॅक सुरेख बसतो. म्हणून आकड्यापेक्षा बास कुठे टेकतो ते पाहावे. मी लायब्ररीत आकड्याच्या पुढे स्वतः बासचा स्वर लिहून ठेवते.

जुन्या ॲसिड ट्रॅकचे तर विचारूच नका. १९८१ च्या टीबी-३०३ या बास वाजवणाऱ्या यंत्राला ट्यूनिंगचे मोकळे बटण आहे, वाजवणाऱ्याने ते जिथे ठेवले तिथे पट्टी. ४४० हर्ट्झच्या प्रमाण ए शी त्याचा काही करार नाही.

मीठभाकर

थोडक्यात, सॉफ्टवेअरला भैरवी ओळखता येत नाही. आमच्याकडे भैरवी झाली की मैफल संपते, तुमच्याकडे तिथून सुरू होते असे दिसते.

हर्णैचा_वारा

पट्टीवर इतके लिहून झाले, पण शीर्षकातल्या लयीकडे कोणी वळले नाही. लय आपोआप जुळवणारे सिंकचे बटण आल्यापासून नव्या मुलांना ती शिकायची गरज वाटत नाही. मी टेक्निक्सच्या एसएल-१२०० या तबकडी-यंत्रावर शिकलो, अधिक-उणे आठ टक्क्यांचा फेडर आणि दोन कान, बस्स.

बीपीएमचा आकडा सारखा दिसला म्हणजे लय सारखी झाली असे नाही. पडद्यावर दोन्हीकडे १३२ दिसत असेल, पण एक १३२.० आणि दुसरा १३२.१ असेल तर मिनिटाला एका ठोक्याचा दहावा भाग, म्हणजे ४५ मिलिसेकंद सरकतात. हाऊस संगीतात अर्ध्या मिनिटात मिक्स आटोपले तर निभावते. टेक्नोत आपण तीन-तीन मिनिटे दोन ट्रॅक सोबत ठेवतो, तोपर्यंत एका किकच्या दोन झालेल्या असतात. असे सरकणे किकवर ऐकू नका, ती फार जाड असते. हॅट किंवा क्लॅप ऐका, "टक" चा "ट्रक" झाला की समजा निसटले.

आणि ठोका जुळूनही सम चुकली तर काय उपयोग? बत्तीस ठोके म्हणजे तीनतालाची दोन आवर्तने. दुसरा ट्रॅक पाचव्या मात्रेवर आत आणला तर लय बिनचूक असूनही नाचणाऱ्याचा पाय अडखळतो, आणि का अडखळला ते त्याला सांगता येत नाही.

रातांबा

सिंकला इतके बोलू नये. ग्रिड (सॉफ्टवेअरने मांडलेल्या ठोक्यांच्या खुणा) नीट बसवलेली असेल तर सिंक तुमच्या-माझ्यापेक्षा बरोबर चालते आणि हात इतर कामाला मोकळे राहतात. अडचण ग्रिड चुकते तेव्हा येते: तबकडीवरून उतरवलेले जुने रेकॉर्डिंग, हाताने वाजवलेला ढोल, किंवा १४० च्या ट्रॅकला ७० समजणे. तेव्हा कान नसेल तर बटण दाबणाऱ्याला काय झाले हेही कळत नाही. म्हणून आधी कान, मग बटण, या क्रमाला माझी हरकत नाही.

हर्णैचा_वारा

मान्य. एक राहिले. खाडीकाठ, त्या शॅकवर मुख्य स्पीकर तुमच्यापासून किती दूर होते आणि तुमच्याजवळ मॉनिटर होता का? किनाऱ्यावर स्पीकर पाण्याकडे तोंड करून वीस-वीस मीटर पुढे ठेवतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे वीस मीटरला ५८ मिलिसेकंद उशीर. १३२ च्या लयीत एक ठोका ४५५ मिलिसेकंदांचा असतो. समोरचा स्पीकर ऐकून हेडफोनमधला ट्रॅक जुळवलात तर तुम्ही तो ५८ मिलिसेकंद मागे लावता आणि नाचणाऱ्यांना दोन किका ऐकू येतात. मला हरणैच्या एका लग्नात हे दीड तास कळले नव्हते, मी माझ्याच कानांना दोष देत होतो. ब्लूटूथचा हेडफोन वापरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. मॉनिटर होता, माझ्या डाव्या हाताला दीड मीटरवर, त्यामुळे ते पाप माझे नाही. बाकीची माझीच.

या रविवारी घरी बसून सगळे तपासले. तेच दोन ट्रॅक घेतले, की लॉक बंद ठेवले आणि शेजारी वडिलांची पेटी ठेवून प्रत्येकाचा बास पट्टीवर शोधला. १३२ चा ट्रॅक पांढरी सहावर नीट बसला. १२७ चा फेडर वर केल्यावर पांढरी सहाच्या वर आणि काळी पाचच्या खाली असा लटकत राहिला, दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या तरी तो मधूनच डोके काढत होता. मग की लॉक लावले. तो खाली येऊन पांढरी सहावर बसला. किक थोडी बोथट झाली हे खरे, हेडफोनमध्ये जाणवले, पण खोलीतल्या स्पीकरवर मला फरक ओळखता आला नाही. बहिणीला डोळे मिटून ऐकायला लावले, तिलाही नाही. चार टक्क्यांपर्यंत की लॉक लावायचे असे आता ठरवले आहे. त्यापुढे किक फारच फाटायला लागते.

देवगडची_वाट, आपल्या सांगण्यावरून माझ्या लायब्ररीतले ७ए लिहिलेले अकरा ट्रॅक पेटीवर तपासले. त्यांतले चार प्रत्यक्षात पांढरी सहावर टेकतात, आणि चौघांतही कोमल रिषभ आहे. एकाला बास असा सापडलाच नाही, त्याच्यापुढे खडक यांच्या सन्मानार्थ शून्य लिहिले आहे. तो कशावरही चालतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी आता असे करतो आहे: दोन्हींकडे लांब बास किंवा पॅड (लांबवलेल्या सुरांचा थर) असेल आणि मिनिटभराहून जास्त सोबत ठेवायचे असेल तरच पट्टी पाहायची, नाहीतर लय आणि सम.

काका, एक शंका. पडताळणीसाठी मोबाइलवरचा ट्यूनर लावला तेव्हा पेटीची पांढरी सहा ४४० च्या बरीच खाली दिसली, आणि काळी पाच मात्र जागेवर होती. मग मी लिहून ठेवलेले स्वर कितपत विश्वासाचे?

पेटीवाले_काका (कुडाळ)

एकच पट्टी उतरली असेल तर त्या सुरावर गंज चढला असेल किंवा कचरा बसला असेल, आपल्या हवेत पितळ फार काळ धड राहत नाही. सूर टोकाशी किंचित घासला की चढतो आणि मुळाशी घासला की उतरतो, पण हे काम स्वतः करू नका, एक घासणी जास्त झाली की सूर गेला. गणपतीच्या आधी कारागिराला उसंत नसते, तेव्हा नंतर घेऊन या, मी सोबत येईन. तोपर्यंत त्या पट्टीवर ठरवलेले ट्रॅक पांढरी तीनवर तपासून पाहा. पंचम जुळला तर तुमचे लिहिलेले बरोबर आहे.